भिंतीवरून आलेला धूर

कडुबानं पेटती शेगडी दोन्ही हातांनी उचलली आणि दारातून सरळ नालीत भिरकावली. चर्र झालं. निखारे विझले, निखाऱ्यांवरचा ओवा विझला, लसणाची सालं विझली आणि कडुबाच्या दोन्ही तळहातांवर टरारून फोड आले. फोडांचं त्याला मागाहून कळलं. कडुबाला आधी राग कळायचा, बाकीचं सावकाश.

"अगं माय माय माय!" म्हाळसाबाई कपाळावर हात मारून दारातच बसली. ती शेजारच्या खोलीतली, आणि शेगडी तिचीच होती. "लेकराला धुरी द्यायला आले तर ह्यानं इस्तू नालीत घातला! बाळंतिणीच्या खोलीतला इस्तू! याड लागलं का ह्या माणसाला?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, धूर नको म्हणजे नको!"

"ती डॉक्टरीण किती लेकरांची माय हाय?"

डॉक्टरीणबाई म्हणजे कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली काडीसारखी पोरगी. उलट म्हाळसाबाईनं स्वतःची आणि लोकांची मिळून इतकी लेकरं पायावर घेऊन न्हाऊ घातली होती, की तिला नावंसुद्धा आठवत नसत. धुरी न देता मोठं झालेलं लेकरू तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. असलंच तर ते बाहेरगावचं असणार.

पण कडुबाचा नातू काही साधं लेकरू नव्हतं. लेक मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. पोरगं ओंजळीत मावेल एवढंसं. घाटीच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रडायचं ते मांजरीच्या पिल्लासारखं, ऐकणाऱ्याचाच जीव वर-खाली व्हावा असं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कडुबाला बाजूला घेतलं.

"आजोबा, ह्याची छाती फार कच्ची आहे. घरात बिडी नको, चूल नको, धुरी नको, उदबत्तीसुद्धा नको. धूर लागला तर हा पुन्हा इथं येईल, आणि दुसऱ्या खेपेचं मी काही सांगू शकत नाही. हा घसा फोडून रडायला लागला ना, की समजा छातीनं दम धरला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'आजोबा' म्हटलं, त्याचा राग कडुबानं गिळला. दवाखान्याच्या फाटकात येऊन खिशातलं बिडीचं बंडल काढलं आणि समोरच्या रिक्षावाल्याला देऊन टाकलं. मिसरूड फुटल्यापासून ओढलेली बिडी त्या घडीला सुटली. आता कुणाला वाटेल, काय मोठ्या मनाचा माणूस! पण त्या घडीपासून कडुबाच्या डोक्यात जो जाळ झाला, तो विझायला तयार होईना. मुळातच तापट माणूस, त्यात बिडी सोडलेला. कंपनीच्या टाईम ऑफिसात तो हजेरी घ्यायचा. त्या आठवड्यात कामगार कार्ड पंच करून त्याच्याकडं न बघताच पळायचे.

स्वतःची बिडी सुटली म्हणजे घरातला धूर गेला, असं कडुबाला वाटलं होतं. इथंच त्याचा हिशेब चुकला, आणि चुकला तो एका भिंतीपायी.

मुकुंदवाडीच्या पुढं, चिकलठाण्याच्या कंपन्यांच्या वाटेवर आप्पासाहेबांची खोल्यांची लाईन होती. कंपन्या आल्या तशी माणसं आली. कुणी वैजापूरकडचं, कुणी पैठणकडचं. कुणाला दुष्काळानं आणलं, कुणाला आणखी कशानं. त्या माणसांसाठी आप्पासाहेबांनी एक लांबलचक पत्रा टाकला आणि त्याच्याखाली ओळीनं भिंती उभ्या केल्या. पण भिंती पत्र्यापर्यंत पोचल्याच नाहीत. वर दीड वीत जागा राहिली. विटा संपल्या, का आप्पासाहेबांची नियत संपली, ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळं नावाला खोल्या वेगळ्या, पण हवा सगळ्यांची एकच. एका खोलीत मिरचीची फोडणी पडली की सगळी लाईन शिंकायची. नवराबायकोची भांडणं सगळ्यांना तोंडपाठ असायची आणि कुणी मधलं विसरलं तर शेजारचा आठवण करून द्यायचा.

ह्या भिंतीवरून न गेलेली गोष्ट एकच. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, हा वाद. कडुबाचं घर बाबासाहेबांना मानणारं, भिंतीपलीकडं म्हाळसाबाईचा नवरा, धनगराचा मल्हारराव. शहरात रोज मोर्चे, बंद, दगडफेक, पण संध्याकाळच्या बातम्यांत 'नामांतर' हा शब्द आला रे आला की दोन्ही खोल्यांतले रेडिओ एकदम बारीक व्हायचे. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. शेजार टिकवायचा तर काय बोलायचं नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तर कडुबाची बिडी सुटली, आणि त्याच संध्याकाळी भिंतीवरून मल्हाररावच्या बिडीचा निळा धूर डुलत डुलत आला आणि सरळ बाळाच्या झोळीवर उतरला. बाळ खोकलं. एवढ्याशा जिवाचा तो खोकला ऐकून केसरबाई, कडुबाची बायको, पदर तोंडाला लावून उभी राहिली.

कडुबा आधी आप्पासाहेबांकडं गेला. आप्पासाहेब ओसरीवर सिगारेट ओढत बसले होते.

"भिंती पत्र्यापर्यंत न्या साहेब. नातवाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"भिंत वर नेली की पत्र्याला घाम येतो, कडुबा," आप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले. "हवा खेळती राहावी म्हणून मी मुद्दामच जागा ठेवलीय. विलायतेत असंच बांधतात."

विलायतेचं नाव निघाल्यावर काय बोलणार? कडुबानं घरी येऊन त्या फटीत गोणपाटं कोंबली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मांजर चढलं आणि गोणपाट घसरलं ते पलीकडं चुलीवर रटरटणाऱ्या आमटीत. म्हाळसाबाईनं ते निथळत तसंच दारात आणून आपटलं. नालीतल्या शेगडीचा राग तिच्या मनात होताच.

"आधी शेगडी, आता आमटी! उद्या माझं घर उचलून टाका नालीत! तेवढंच राह्यलं!"

मग कडुबाच्या ध्यानात आलं, की एक पत्रा म्हणजे एकच घर. लाईनीतला धूर बंद झाल्याशिवाय आपल्या खोलीतला बंद होत नाही. रविवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, तळहातांना फडकी बांधलेलीच होती, आणि पहिला गेला मल्हाररावकडं. मल्हारराव एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, पण बसायचा अजून मेंढरं राखत असल्यासारखाच, काठी आडवी मांडीवर आणि नजर लांब.

"मल्हारराव, पोरासाठी घरात बिडी सोडा."

"सोडली," मल्हारराव म्हणाला. त्याच्या बोटात तेव्हा पेटलेली होती.

"असं नाही. भंडारा उचलून सांगा."

मल्हाररावनं भुवया चढवल्या. "तू तर देव मानत नाय."

"मी मानत नाही. तुम्ही मानता ना? तेवढं पुरे."

"आन मंग तू कशाची आण घेतो?"

"आम्हाला पंचशील आहे. पाचवं शील, नशापाणी करायचं नाही."

"व्हय? मंग इतकी वर्सं भकाभका ओढीत व्हता, ते कितवं शील?"

भिंतीपलीकडून केसरबाईच्या हसण्याचा आवाज आला. मुक्ताच्याही आला. कडुबाचे कान लाल झाले. पण मल्हारराव उठला, देव्हाऱ्यातला भंडारा कपाळाला लावला आणि खंडोबाला साक्ष ठेवून म्हणाला, "ह्या खोलीत बिडी पेटवणार नाय." धनगराचा भंडारा म्हणजे कोर्टाच्या वरचं कोर्ट. कडुबा छाती पुढं काढून घरी आला.

संध्याकाळी धूर पुन्हा आला. ह्या खेपेला दुसऱ्या भिंतीवरून. त्या बाजूला भिकन नावाचा सडाफटिंग शिफ्टवाला राहायचा. कडुबानं जाऊन पाहिलं तर भिकनच्या खाटेवर मल्हारराव मांडी घालून बसलेला आणि दोघांच्या तोंडात बिड्या.

"भंडारा मोडला!" कडुबा किंचाळला.

"कुठं मोडला?" मल्हारराव शांतपणे म्हणाला. "माझ्या खोलीत पेटवली का? देवाशी खोटं बोलत नसतो मी."

"अरे पण धूर तोच ना!"

"क्या कडुबाभाऊ, टेन्शन कायको लेते?" भिकन म्हणाला. "चहा घ्या. एक झुरका मारून बघा, डोकं शांत होईल."

तो झुरका कडुबाला इतका हवासा वाटला, की त्याचा राग दुप्पट झाला. त्यानं दोघांना तिथंच 'ह्या पत्र्याखाली' अशी नवी शपथ घ्यायला लावली. मल्हाररावनं घेतली आणि पाळलीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून त्याचं बघून लाईनीतले सगळे बिडीवाले पत्र्याबाहेर ओट्यावर बसू लागले. ओट्यावर सावलीची जागा एकच होती, कडुबाच्या खिडकीखाली. आधी एकाच खोलीतला धूर यायचा, आता सगळ्या लाईनीचा एकदम खिडकीतून आत. वर गप्पा, पत्ते आणि "केसरबाई, वाईच पाणी द्या वो." केसरबाई पाणी देऊन देऊन थकली आणि नवऱ्यावर घसरली.

"तुम्ही धूर काढायला निघाले का गोळा करायला?"

तेव्हा कडुबा जो ओट्यावर आला, तो कसा आला हे लाईनीत अजून सांगतात. पत्ते उधळले, काडीपेट्या फेकल्या, ऑफिसातली भाषा पार गळून पडली. "माझं लेकरू मरायला लागलंय आन तुमाला सावली पायजे व्हय रे! उठा! रस्त्याच्या पल्याड जाऊन मरा!" त्याच्या हातांची फडकी सुटून लोंबत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. त्याला ते रागाचं वाटलं, बाकीच्यांना कळलं. सगळ्यात आधी मल्हारराव उठला. रस्ता ओलांडून मोकळ्या प्लॉटवर उन्हात जाऊन बसला. त्याच्यामागं बाकीचेही गेले.

बिडीचं राज्य संपलं. कडुबाला वाटलं, जिंकलो.

"बिड्या गेल्या," म्हाळसाबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आन चुली कोणाच्या बापाच्या?"

बाईचा मुद्दा बिनतोड होता. सकाळ-संध्याकाळ त्या पत्र्याखाली ओळीनं चुली पेटायच्या. वर आणखी एक भानगड होती. कंपनीत मशीनं यायची ती लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांच्या फळ्या गेटपास करून आणून लाईनीत वाटणारा दाता म्हणजे खुद्द कडुबा. फुकट सरपण देतो म्हणून त्याला केवढा मान! त्या फळ्यांना कसलंसं काळं औषध लावलेलं असायचं आणि जळताना असा धूर निघायचा, की डोळ्यांत तिखट घातल्यासारखं व्हावं. इतके दिवस सगळ्या बाया त्याला 'लाकूड लई झकास पेटतं' म्हणून दुवा देत होत्या.

"फळ्या बंद!" कडुबानं जाहीर केलं. "सगळ्यांनी रॉकेलचे स्टो घ्या!"

"तुमच्या घरी काय पेटतं?" म्हाळसाबाईनं विचारलं. "चूलच ना? स्वतःची चूल ढणाढणा पेटलेली आन दुसऱ्याच्या चुलीकडं बोट! आधी तुमी स्टो पेटवा. त्याच दिवशी मी माझी चूल फोडते. मंग बाकीच्या बायांना मी सांगते."

स्टो कडुबानं उधारीवर आणला, पण स्टोला हवं रॉकेल, रॉकेलला रेशनकार्ड, आणि कडुबाकडं रेशनकार्ड नव्हतं. गॅसला त्यानं नंबर लावून ठेवला होता, पण तो नातवाच्या लग्नापर्यंत लागला तरी नशीब. इतकी वर्षं त्यानं कार्डाचं काम का केलं नव्हतं, ते केसरबाईला ठाऊक होतं. ती त्याला कधी बोलली नाही. आता मात्र ती झोळीकडं बघून म्हणाली, "आवो, जा आता."

पहिल्या खेपेला रेशनिंगचं ऑफिस बंद होतं, कारण शहर बंद होतं. नामांतराचा मोर्चा होता. दुसऱ्या खेपेला बंद होतं, कारण मोर्चाच्या विरोधातला मोर्चा होता. तिसऱ्या खेपेला ऑफिस उघडं होतं, पण साहेब बंदोबस्ताच्या बैठकीला गेले होते. चौथ्या खेपेला कारकून भेटला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पान गालात.

"जुनं कार्ड?"

"जळालं."

"कसं काय?"

"घरासकट."

"बरं. मग घर जळाल्याचा दाखला?"

कडुबाला वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. "कशाचा?"

"घर जळाल्याचा. गावातून आणायचा. तिथल्या कुणा जबाबदार माणसानं लिहून द्यायला हवं की बुवा, अमुक घर जळालं, मी पाहिलं."

"ज्यांनी घर पेटवलं," कडुबाचा आवाज चढू लागला, "त्यांच्याकडनंच दाखला आणू? त्यांच्या दारात जाऊन म्हणू, मालक, तुमचं काम लई झकास झालं, जरा सही करा?"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकुनानं पान ह्या गालातून त्या गालात नेलं. "ओरडू नका. नियम आहे."

"आणि कुणी दिलाच नाही दाखला?"

"मग घर जळालं नाही असं धरतात."

"जळालं नाही? मग माझं घर आहे कुठं?"

"तेच तर मी विचारतोय. राहता कुठं, त्याचा पुरावा?"

ह्यावर कडुबा काय काय बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. इस्त्रीच्या शर्टाची बाही फाटली. टाईम ऑफिसचा कडुबा, ज्याच्या घंटेवर हजार माणूस आत-बाहेर करतं, तो रेशनिंगच्या पायऱ्यांवर खाली ढकलला गेला आणि रांगेतल्या एका म्हातारीनं "ठेच लागली का बाबा?" म्हणून विचारलं. त्याला त्या म्हातारीचाही राग आला.

संध्याकाळी घरी येऊन तो सगळं केसरबाईला सांगत होता. सांगत कसला, भिंतींना ऐकवत होता. त्या वर्षीच्या गोष्टी त्यानं ह्या खोलीत कधी काढल्या नव्हत्या. आज सगळ्या निघाल्या. अठ्ठ्याहत्तर साल, विद्यापीठाच्या नावाचा ठराव, गावात उठलेलं वादळ, घरावर आलेले पेटते टेंभे. मुक्ताला काखोटीला मारून पावसाच्या चिखलातून तुडवलेली वाट. "धुरातनं काढलं त्या पोरीला म्या! आन आता तिच्या पोराला धुरात कोंडायचं! आन दाखला आणा म्हणे! आमचं घर जळलं हे कोणी पाह्यलंच नाय म्हणे!"

तो दमून थांबला. बाळ झोळीत कण्हल्यासारखं करत होतं. बोलणं भिंतीवरून पलीकडं गेलं होतं हे दोघांनाही एकदमच कळलं. केसरबाई हळूच म्हणाली, "गेला आता शेजार."

मग भिंतीवरून मल्हाररावचा आवाज आला.

"म्या पाह्यलंय."

कडुबानं मान वर करून भिंतीवरच्या फटीकडं पाहिलं.

"त्या साली माझी मेंढरं तुमच्याच शिवारात बसवली व्हती," आवाज पुढं म्हणाला. "माळावरनं सगळं दिसत व्हतं. मेंढरं धुरानं बुजली, रातभर आवरली नायत. कोण कोण व्हतं ते बी दिसलं. उद्या येतो तुझ्यासंगं."

एवढंच. मग म्हाळसाबाईचा आवाज आला. "आन जाताना कोरा चहा पिऊन जाऊ नका. दूध हाय माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी तिघं गेले. मल्हारराव ठेवणीतलं तांबडं मुंडासं बांधून, काठी घेऊन. केसरबाई कुणी बोलावलं नसताना. "कार्डावर मी बी हाय ना? मंग मी येणार," म्हणाली, आणि पुढं कुणाची बोलायची टाप नव्हती.

कारकुनानं कडुबाला पाहिल्याबरोबर शिपायाला हाक मारली. पण शिपाई आला तो मल्हाररावची काठी पाहून लांबच थांबला.

"साक्षीदार आणलाय," कडुबा म्हणाला.

"गावचेच का?"

"गावचा नाय," मल्हारराव म्हणाला. "पण गावात व्हतो."

"गावचा रहिवासी लागतो."

"मेंढरामागं फिरणारा माणूस कोणत्या गावचा लिहिता तुमी? सगळ्या गावांनी आमच्याकडनं खत घेतलं. मंग सगळ्याच गावांचा धरा."

रांगेत हशा पिकला. कारकुनाला मागची गर्दी दिसत होती. त्यानं सुस्कारा टाकून एक कागद पुढं ओढला, भराभर लिहिलं आणि मल्हाररावपुढं शाईचा पॅड सरकवला. "उठवा अंगठा."

मल्हाररावला वाचता येत नव्हतं. कडुबाला येत होतं. त्यानं वाकून वाचलं. घर जळण्याचं कारण: चुलीची ठिणगी.

"हे काय लिहिलं?"

"असंच लिहायचं असतं. त्या सालच्या सगळ्या कागदांवर हेच आहे. पुढं काही चौकशी होत नाही, पटकन काम होतं. घ्या, अंगठा उठवा, रॉकेल घ्या, जा. तुम्हाला रॉकेलच पाहिजे ना?"

रॉकेलच पाहिजे होतं. खोटं नाही. कडुबाच्या डोळ्यांपुढं झोळी आली, ते मांजरीच्या पिल्लासारखं रडणं आलं, 'दुसऱ्या खेपेचं मी काही सांगू शकत नाही' आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला राग येईना. "काय म्हणतो ह्यो?" मल्हाररावनं विचारलं. कडुबा केसरबाईकडं बघत म्हणाला, "म्हणतात, आपल्याच चुलीच्या ठिणगीनं घर गेलं."

केसरबाई टेबलाशी आली. आयुष्यात ती कुठल्या साहेबाशी बोललेली नव्हती.

"माझ्या चुलीनं?"

"बाई, ते लिहिण्यापुरतं..."

"आमच्यावर गावानं बहिष्कार टाकला व्हता. दुकानदार पीठ देत नव्हता, मीठ देत नव्हता. पोरगी उपाशी निजली व्हती. चूल पेटवायला घरात काय व्हतं? माझी चूल थंड व्हती, साहेब." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं सगळ्या ऑफिसला ऐकू गेला. "थंड चुलीतनं ठिणगी उडती व्हय?"

मल्हाररावनं शाईचा पॅड मागं सारला आणि काठी टेबलावर आडवी ठेवली.

"लिहा," तो म्हणाला. "कोण कोण व्हतं ते सांगतो. बापासकट नावं सांगतो. पयला..."

"थांबा!" कारकून ताडकन उठला. "नावं नकोत! इथं नावं घेऊ नका! सध्या वातावरण काय, तुम्ही बोलता काय!" त्यानं घाईघाईनं कारणाची ओळ खोडली. "बघा, कारण कोरं ठेवतो. चालेल? कोरं!"

तेव्हा कडुबाचा राग परत आला. जुना ओळखीचा माणूस दारात दिसावा तसा बरा वाटला त्याला तो. त्यानं खिशाचं पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत, हजेरीपटावर लिहायचा त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: गावातल्या लोकांनी पेटवलं. मग मल्हाररावचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि त्याच्याखाली उठवला.

"आता हे वर जाणार," कारकून घाम पुसत म्हणाला. "वर म्हणजे फार वर. कार्ड अडकणार. मग मला विचारायचं नाही."

"दर महिन्याला येऊन विचारणार," कडुबा म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर मल्हाररावनं बिडी काढली, ओठात धरली आणि काडीपेटी शोधू लागला. कडुबानं त्याच्या हातातली काडीपेटी घेतली, काडी ओढली आणि फडकं बांधलेल्या हाताच्या आडोशानं त्याला पेटवून दिली. धूर नाकाशी आला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

"वर पत्रा नाय," मल्हारराव म्हणाला.

"म्हणून तर," कडुबा म्हणाला.

पण घर जवळ येऊ लागलं तसा त्याचा पाय जड झाला. खऱ्यापायी रॉकेल घालवलं होतं. आता बाळाला काय तोंड दाखवायचं? केसरबाई आत गेली आणि मुकाट्यानं चुलीपुढं बसली, पण तिचा हात काडीपेटीकडं जाईना. तेवढ्यात भिंतीवर पत्र्याचा खडखडाट झाला. त्या दीड वीत जागेतून एक डबा आडवा होऊन आत सरकत होता. झाकणाला चिंधी बांधलेली, रॉकेलचा भपकारा.

"धर लवकर!" पलीकडून मल्हाररावचा आवाज. "सांडू नको, तुझं डोकं पेटलेलं असतं सदाचं."

"हे तुमच्या कार्डाचं..."

"मंग काय झालं? घास एकाच पत्र्याखाली शिजतो ना? अर्धं तुझं, अर्धं माझं. तुझं कार्ड येईल तवा येईल."

आणि त्याच्या बोलण्याच्या मागून धप धप आवाज यायला लागला. म्हाळसाबाई शब्दाला जागून आपली चूल फोडत होती. फोडता फोडता साऱ्या लाईनीतल्या बायांचा नावानिशी उद्धार चालला होता, की बघत काय बसल्या, हातोडा घ्या.

कडुबाचं कार्ड काही आलं नाही. तो दर महिन्याला इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात जायचा, कारकुनाशी कडकडून भांडायचा आणि ताजातवाना होऊन परत यायचा. रॉकेल भिंतीवरून यायचं. कधी मल्हाररावकडून, कधी भिकनकडून. संपलं की लाईनीतल्या बाया रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर तीन धोंडे मांडून उघड्यावर भाकरी भाजायच्या. आप्पासाहेब येऊन "माझा प्लॉट!" म्हणून ओरडायचे आणि म्हाळसाबाईच्या तोंडाला भिऊन परत जायचे. बातम्यांत नामांतर आलं की दोन्हीकडचे रेडिओ आता मोठे व्हायचे. कधी कधी त्यावरून भिंतीच्या दोन बाजूंनी चांगलं भांडणही व्हायचं. ते न बोलण्यापेक्षा कितीतरी बरं होतं.

कडुबाच्या सुट्टीच्या एका दुपारी सेकंड शिफ्टच्या भोंग्याच्या वेळी मुक्तानं बाळाला अंघोळ घातली. पाणी जरा गार लागलं असेल. बाळानं तोंड वासलं, लालबुंद झालं, क्षणभर आवाजच फुटेना. केसरबाईनं छातीवर हात ठेवला. आणि मग ते जे रडलं! पत्रा थरथरला. भिकन झोपेतून धडपडून उठला. बाळ थांबायचं नावच घेईना. श्वास ओढायचं आणि पुन्हा भोकाड पसरायचं, जसा काही त्याला सगळ्या दुनियेचा हिशेब चुकता करायचा होता.

"ए कडुबा!" भिंतीवरून मल्हारराव ओरडला. रात्रपाळीला जायचं म्हणून तो नुकताच आडवा झाला होता. "धूर बंद केला, आता ह्याचं तोंड बी बंद कर की! माणसानं झोपावं का नाय?"

"नाय करत!" कडुबा इकडून ओरडला. त्याचे डोळे घळाघळा वाहत होते, आणि ते रागाचे नव्हते हे ह्या वेळी त्यालाही कळलं. "ओरडू द्या त्याला! नरडं फाटेस्तोवर ओरडू द्या!"

पलीकडं म्हाळसाबाई नवऱ्याला म्हणाली, "आजावर गेलंय मेलं," आणि तिनं खाटेवरचं पांघरूण ओढून मल्हाररावच्या कानांवर घातलं.